मामांचा पाईप हाती आलाय. साठीत ओढायला शिकावं का?

गळीतहंगाम

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी कोल्हापूरचा. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ३४ वर्षं केमिस्ट म्हणून काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. हंगाम सुरू झाला की तीन पाळ्या, रसाचे नमुने, ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) बघा, पोल (साखरेचं प्रमाण) बघा, मळीची शुद्धता काढा. हाताला उसंत नसायची. आता सकाळ बरी जाते. बाग आहे, बँकेची कामं आहेत, दुपारी जरा आडवा होतो. पण संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर मारून आलो की सात ते आठ हा तास अंगावर येतो. टीव्हीवरची भांडणं ऐकवत नाहीत. हातांना काहीतरी हवं असतं.

मागच्या महिन्यात बेळगावला मामी गेल्या. मामा जाऊन पंधरा वर्षं झाली. घर आवरताना मामेभावाने एक जुनी चष्म्याची डबी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "हे तूच ने. तूच भरून द्यायचास ना त्यांना?" आत मामांचा पाईप.

मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून मेजर म्हणून निवृत्त झाले. मे महिन्यात आम्ही भावंडं बेळगावला जायचो. कॅम्पातलं कौलारू घर, पुढे व्हरांडा, वेताची खुर्ची. साडेसहा वाजले की मामा तिथे बसत. पत्र्याच्या गोल डबीतून तंबाखूच्या चपट्या वड्या काढत आणि त्या वर्तमानपत्रावर मोकळ्या करायचं काम माझं. वाळलेलं गवत आणि मनुका एकत्र केल्यासारखा वास यायचा. मामा एरवी कडक, जेवताना पाट वाकडा असला तरी उठवून नीट बसवणारे. पण पाईप हातात असताना त्यांचा आवाज चढलेला मी एकदाही ऐकला नाही. लढाईबद्दल आयुष्यात एकदाच बोलले, तेही त्याच खुर्चीत, पाईप विझल्यावर.

आता वस्तूबद्दल. पाईप आखूड, वाकडा. लाकूड गडद तपकिरी, धरून धरून गुळगुळीत झालेलं. मानेला पांढऱ्या धातूची टोपी. तोंडात धरायची काळी दांडी आता हिरवट-खाकी पडली आहे आणि चव घेतली तर गंधकासारखी लागते. एक गोष्ट मला कळली नाही. धूर यायचं भोक दांडीच्या टोकाला नाही, वरच्या अंगाला आहे. हे असंच असतं की कुणी पाडलंय? आतून कोळशाचा जाड थर आहे, करंगळी जेमतेम शिरते. लाकडावर काहीतरी छापलंय पण वाचता येत नाही. सोबत तीन पात्यांचं एक चाकूसारखं हत्यार आहे. एक पातं चपट्या गोल बुडाचं, एक चमच्यासारखं, एक टोचणीसारखं.

मी आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही. विडी एकदा, कॉलेजात, तीही अर्धी. रोज संध्याकाळी एकदा, गॅलरीत बसून, सावकाश पाईप ओढायला शिकावं असं फार मनात आलंय. पाईप वापरण्याजोगा आहे का, भरतात कसा, पेटवतात कसा, हे जाणकारांनी सांगावं. आणि धूर छातीत घेत नाहीत म्हणून अपाय कमी, असं जे म्हणतात त्यात तथ्य किती? खरं असेल ते सांगा. वाईट वाटणार नाही.

—

चारतेआठ

गळीतहंगाम, आधी एकच विनंती. आहे तसा पेटवू नका. पंधरा वर्षं पडून राहिलेल्या पाईपच्या नळीत जुना चिकटा असतो, बुरशी असू शकते, आणि आतला तो थर तापला की लाकूड फुटतं.

आता आनंदाची गोष्ट. भोक कुणी पाडलेलं नाही. मानेला निकेलची टोपी, आखूड वाकडा बांधा आणि वरच्या अंगाला भोक हे तिन्ही एकत्र असेल तर तो डब्लिनच्या पीटरसनचा 'सिस्टीम' पाईप असणार. चार्ल्स पीटरसनने १८९० साली त्याचं पेटंट घेतलं. तंबाखू जळताना पाणी सुटतं, आणि साध्या पाईपात ते नळीतून गुडगुडत जिभेवर येतं. पीटरसनने मानेच्या पोटात एक खड्डा ठेवला. धूर तिथे वळतो, ओल खाली साचते, कोरडा धूर वर जातो. तुमच्या कारखान्यात वाफेच्या लायनीला साचलेलं पाणी वेगळं काढणारा ट्रॅप असतो ना, तीच कल्पना, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. वरचं भोक त्याने पुढे १८९८ मध्ये आणलं. त्यामुळे धूर जिभेच्या शेंड्यावर न आदळता टाळूकडे जातो, जीभ कमी भाजते.

लाकडावरची अक्षरं वाचायला खोलीत अंधार करा आणि टॉर्च अगदी तिरकी, लाकडाला टेकवून धरा. तीन ओळींत 'मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड' दिसलं तर पाईप १९४९च्या नंतरचा, कारण आयर्लंड प्रजासत्ताक झालं त्या साली. आकडा दिसला तर तो घडणीचा नंबर. मला कळवा, फार उत्सुकता आहे.

लाकूड ब्रायर. भूमध्य समुद्राच्या काठी, कॉर्सिका, सार्डिनिया, कॅलाब्रिया, अल्जेरिया या भागांत एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप होतं. त्याच्या मुळाशी, जमिनीलगत, गाठ वाढते. तीस, चाळीस, पन्नास वर्षांची गाठ खणून काढतात, तासन् तास उकळून तिच्यातला रस काढतात, मग कित्येक महिने सावलीत वाळवतात. मग ते लाकूड निखारा पोटात ठेवूनही जळत नाही. फ्रान्समध्ये ज्युरा डोंगरातलं सँ-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याच कामावर मोठं झालं.

दांडी एबोनाइटची. रबरात गंधक घालून शिजवलं की ते टणक होतं. ऊन-हवा लागून गंधक पृष्ठभागावर येतो, म्हणून हिरवी आणि म्हणून ती चव. पुन्हा काळीभोर होते, काळजी नको.

माझी ओळख. मी रत्नागिरीचा, जहाजावर इंजिनिअर होतो, बरीच वर्षं तेलाच्या टँकरवर. सेकंड इंजिनिअरची वॉच, म्हणजे पाळी, चार ते आठ, पहाटे आणि संध्याकाळी. टँकरवर उघड्यावर काडी ओढणं म्हणजे सगळ्यांच्या जिवाशी खेळ. ठरवून दिलेली एक खोली असते, फक्त तिथेच. आठला वॉच उतरली, अंघोळ झाली की मी तिथे जायचो. आमचे चीफ इंजिनिअर डेन्मार्कचे होते. त्यांनी मला शिकवलं. पहिला पाईप मक्याच्या कणसाचा, ह्यूस्टनला घेतला होता. मिसूरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावात १८६९ पासून ते होतात, स्वस्त असतात आणि पहिल्या दिवसापासून चांगले लागतात.

भरायचं कसं ते चीफनी जसं शिकवलं तसंच सांगतो. वड्या मोकळ्या करून तंबाखू कागदावर पसरा आणि थोडी सुकू द्या. चिमटीत दाबून सोडली की तिने हळूच उलगडायला हवं. गोळा होऊन राहिली तर ओली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात यालाच तासभर लागतो. मग तीन चिमटी. पहिली नुसती सोडायची, दाबायची तर लहान मुलाने बोट ठेवावं इतपतच. दुसरी जरा दाबून. तिसरी अंगठ्याने नीट बसवायची. न पेटवता ओढून बघा. स्ट्रॉने ताक पितो तेवढाच अडथळा लागला पाहिजे. जास्त लागला तर सगळं काढून पुन्हा भरा. मी पहिले पंधरा दिवस रोज दोन-तीनदा काढून भरत होतो.

काडी पेटवा आणि आधी तिचं गुल जळून जाऊ द्या. ज्योत तंबाखूवर गोल फिरवत सावकाश ओढा. तंबाखू फुगून वर येईल, केसाळ दिसेल, आणि विझेल. ती विझायलाच हवी. तुमच्याकडचं ते चपट्या बुडाचं पातं याच वेळी लागतं. वरची राख नुसत्या वजनाने समतल करा आणि दुसऱ्यांदा पेटवा. आता खरा पाईप सुरू झाला.

आणि मग घाई नाही. गरम चहाचा घोट घेतो तसा एकेक घोट, मध्ये थांबून. पाईप गालाला लावा. चटका बसला तर तुम्ही भराभर ओढताय, खाली ठेवा. विझला तर विझू द्या, पुन्हा पेटवा. एक भरलेला पाईप पाऊण तास चालतो. संपल्यावर राख काढा, नळीतून पाईप क्लीनर (कापूस गुंडाळलेली बारीक तार) फिरवा आणि निदान एक दिवस त्या पाईपला हात लावू नका, लाकडाला वाळायला वेळ लागतो. साध्या पाईपची दांडी गरम असताना कधीच उपटायची नाही, मान तडकते. सिस्टीम पाईपची चालते, त्याची जोडणी टोपीत बसणारी, निमुळती असते.

इतकं सगळं लिहिलं, आता उरलेलं लिहायलाच हवं. मी १९ वर्षं पाईप ओढला आणि २०१७ साली सोडला. सुरुवातीला रात्रीचा एक होता. मग पहाटेच्या वॉचनंतर एक. मग बंदरात असताना दुपारी एक. शेवटी दिवसाला सात व्हायचे. सात पाईप सावकाश ओढता येत नाहीत. चीफनी ज्यासाठी शिकवलं होतं तो पाऊण तासच राहिला नव्हता, हात खिशात आपोआप जायचा. सुट्टीवर घरी असताना दात साफ करायला गेलो आणि डॉक्टरांनी आरशात माझी टाळू दाखवली. पांढरट, सुरकुतलेली, आणि तीवर लाल ठिपके. मी इंजिनचे लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली अस्तरं, तपासलेला माणूस. तापून खराब झालेला पृष्ठभाग बघितल्या बघितल्या ओळखतो.

पाईप मात्र टाकले नाहीत. २३ आहेत. आता जुने, टाकलेले पाईप घेतो, साफ करतो, दांड्या घासून काळ्या करतो. संध्याकाळी सात ते साडेआठ, खिडकीपाशी, भिंगाचा दिवा लावून. तुम्हाला पाईप साफ करायचा असेल तर पायरीपायरीने सांगेन, फोटो टाका. ओढायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण साठाव्या वर्षी, आजवर तंबाखूशिवाय राहिलेल्या माणसाने सुरू करावं असं मला मनापासून वाटत नाही.

—

मिरजेची दंतवैद्य

काका, तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते.

पाईपचा धूर तोंडात धरतात. निकोटीन गालाच्या आणि जिभेखालच्या अस्तरातून थेट रक्तात उतरतं. छातीत न घेता सवय लागते ती अशी. कधीच न ओढलेल्या माणसाला पहिल्या दिवशी घाम फुटू शकतो, गरगरू शकतं, उलटीही होऊ शकते. ते लाकडामुळे किंवा भरण्याच्या चुकीमुळे नसतं, ते निकोटीन असतं.

'अपाय कमी' हे म्हणणं सिगरेटच्या पाकिटाशी तुलना करून आलेलं आहे. कमी कशाच्या मानाने, हे कुणी सांगत नाही. आज तुमच्या तोंडात तंबाखू शून्य आहे. तुमची तुलना त्या शून्याशी. पाईपमुळे ओठ, जीभ, टाळू, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुफ्फुस, सगळ्यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पाईप ओढणाऱ्यांच्या ओठाचा कर्करोग ही फार जुनी नोंद आहे. जर्मन वैद्य झ्योमरिंग यांनी १७९५ साली लिहून ठेवलं की हा रोग पाईप ओढणाऱ्यांत दिसतो, आणि जिथे दांडी टेकते तो खालचा ओठ त्यात जास्त सापडतो. सिगरेट तेव्हा घरोघरी पोचलीही नव्हती.

चारतेआठ यांनी टाळूचं जे वर्णन केलंय ते मी कॉलेजात पुस्तकात पाहिलं आणि नंतर प्रत्यक्षात. लाल ठिपके म्हणजे टाळूतल्या लहान लाळग्रंथींची सुजलेली तोंडं. यात उष्णतेचा भाग मोठा असतो. तंबाखू बंद केली की ही टाळू बहुतेक वेळा काही आठवड्यांत पूर्ववत होते, म्हणून त्यांना वेळेवर कुणीतरी आरसा दाखवला याचा मला आनंद आहे. पण गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवडे न भरणारी जखम असेल, तर ती दाखवायलाच हवी. हे मी इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. माझ्याकडे मिशरी लावणाऱ्या मावशी येतात, त्या म्हणतात "आम्ही कुठं तंबाखू खातो?" त्यांच्याशी बोलताना मला जी कळकळ वाटते तीच तुमचा धागा वाचून वाटली.

—

मांडवीकाठ

मी पणजीत राहतो आणि अजून ओढतो. खोटं कशाला लिहू?

रविवारी दुपारी, जेवणानंतर, आठवड्यातून एकदा. अकरा वर्षं झाली. दंतवैद्य ताईंनी लिहिलंय ते सगळं मला मान्य आहे. वर्षातून एकदा तोंड तपासून घेतो, आणि रविवारचा बुधवारीही व्हायला लागला की महिनाभर पाईप कपाटात कुलूप लावून ठेवतो. असं दोनदा करावं लागलंय. घरात दोन मुलं आहेत म्हणून गच्चीवर जातो. त्यांच्या अंगावर तो धूर जाऊ नये, यात मी कधीच सूट घेतलेली नाही.

काका, एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही पण विचारात घ्या. हा छंद आपल्या हवेत अवघड आहे. जून ते सप्टेंबर इथे चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते, तिथे पाईप काय? डबी एकदा उघडली की तंबाखू रबरी कड असलेल्या काचेच्या बरणीत ठेवावी लागते, लोणच्याची चालते पण वास कधीच जात नाही. चांगली तंबाखू दुकानात मिळेलच असं नाही. जी मिळते ती बऱ्याचदा गोड वास लावलेली असते, खोलीतल्यांना छान वाटते आणि ओढणाऱ्याची जीभ सोलते. मामांच्या डबीतला वाळलेलं गवत-मनुका वास म्हणजे व्हर्जिनिया जातीची तंबाखू असावी. तो वास तुम्ही शोधाल, आणि मिळणार नाही, याचं वाईट वाटेल.

गॅलरीत ओढताना वरच्या मजल्यावर कोण राहतं हेही पाहा. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतःच्या घरात बंदी नाही, पण धूर वरच्यांच्या खिडकीत जातोच.

—

दख्खनी

थोडं अवांतर, पण विजापूर बेळगावपासून फार लांब नाही म्हणून लिहितो. मुघल दरबारात तंबाखू पोचली ती दख्खनमधूनच. अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याने ही नवी वस्तू पाहिली आणि एक सुंदर लांब नळीचा पाईप, चांदीच्या तबकात घालून, अकबरापुढे नेला. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. त्यावेळी शेजारी उभ्या असलेल्या शाही हकिमाने हरकत घेतली, की ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही, तिचे गुणदोष कुणी पारखलेले नाहीत, तेव्हा बादशहांनी ती घेऊ नये. असद बेगने स्वतः हा प्रसंग लिहून ठेवलाय. अकबराने पुढे ओढली नाही, पण दरबारी मंडळींनी उचलली. जहांगीरने १६१७ मध्ये मनाई केली तोवर ती गावोगाव पोचली होती. पुढे निपाणीच्या शेतकऱ्याची सगळी वर्षाची मिळकत याच पानावर आली, आणि १९८१ मध्ये भावासाठी त्यांना रस्त्यावर बसावं लागलं.

त्या हकिमाची बाजू कुणी घेतलेली मी वाचली नाही, म्हणून इथे घेतो. चारशे वर्षांपूर्वी त्याने योग्य तेच विचारलं होतं.

—

गळीतहंगाम

सर्वांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

चारतेआठ, तुम्ही सांगितलंत तसं केलं. रात्री दिवे घालवून टॉर्च तिरकी धरली. तीन ओळी आहेत. 'रिपब्लिक' हा शब्द अर्धा दिसतो, खाली 'आयर्लंड' पूर्ण. दुसऱ्या बाजूला ३१२ हा आकडा. धातूच्या टोपीवर 'के अँड पी'. मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, मामांना तो त्यांच्या कमांडिंग ऑफिसरने बदलीवर जाताना दिला होता.

तुमचं आणि ताईंचं लिहिणं सौभाग्यवतीला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मामांचा खोकला विसरलात का?"

मी खरंच विसरलो होतो. आमचं लग्न झाल्यावर पहिल्यांदा बेळगावला गेलो तेव्हा तिला रात्रभर झोप लागली नव्हती, मामांच्या खोलीतून येणाऱ्या आवाजाने. शेवटची दोन वर्षं ते आडवे झोपूच शकत नव्हते. त्याच वेताच्या खुर्चीत, पाठीला दोन उशा लावून, बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे. मामी रात्री उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय. तरी धागा लिहिताना मला फक्त मनुकांचा वास आठवला. दोन दिवस माझं मलाच याचं फार नवल वाटत राहिलं.

तर ओढणार नाही. हे पक्कं.

पण साफ करायचाय. संध्याकाळी सात ते आठ, जेवणाच्या टेबलावर कागद अंथरून. फोटो टाकतोय. कुठून सुरुवात करू?

—

चारतेआठ

३१२! आणि 'के अँड पी' म्हणजे कॅप अँड पीटरसन, तीच कंपनी. माझ्याकडे त्याचा जोडीदार ३१४ आहे. थोडा सडपातळ, पण रक्ताचं नातं आहे म्हणा.

दांडी आधी वेगळी करा. सरळ ओढू नका, घड्याळाच्या दिशेने फिरवत काढा. अडकली तर जोर लावू नका, अख्खा पाईप प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग सुटेल.

आतला थर पूर्ण काढायचा नाही. जाड पुठ्ठ्याएवढा, साधारण एक मिलिमीटर ठेवा, तो लाकडाचं कवच असतो. बोथट टोकाच्या छोट्या सुरीने, बोटांत पाईप फिरवत, हळूहळू. टोकदार सुरी नको, बुडाला भोक पडतं.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, निदान ९० टक्के. तुम्हाला लॅबमुळे ते नवीन नाही. पाईप क्लीनर त्यात बुडवून नळीतून फिरवत राहा. पहिले दहा-बारा काळे निघतील, मग तपकिरी, मग पिवळे. पांढरा निघेपर्यंत थांबायचं नाही. ओल साचायचा तो खड्डा कापूस गुंडाळलेल्या काडीने पुसा, खरी घाण तिथे असते. बाहेरच्या लाकडाला अल्कोहोल लागू देऊ नका, रंग जातो.

शेवटी पाईपच्या भांड्यात, म्हणजे तंबाखू भरतात त्या वाटीत, जाडं मीठ भरा, मानेत कापसाचा बोळा बसवा आणि ड्रॉपरने अल्कोहोल सोडा, मीठ भिजेल इतकंच. रात्रभर उभा ठेवा. मीठ जुना चिकटा ओढून घेतं.

दांडीचं नंतर पाहू. वाटाण्याएवढा डाग हिरवा राहिला तरी चालेल, पण पॉलिश पेपर घासताना कडा गोल करू नका. एक विचारायचं राहिलं. दांडीवर दातांच्या खुणा आहेत का, आणि कुठल्या बाजूला?

—

गळीतहंगाम

डावीकडे. वर एक, खाली दोन. खालच्या दोन खोल आहेत, नख अडकतं. मामांची उजवी दाढ पडली होती, ते डावीकडूनच चावायचे.

क्लीनर २६ लागले. सव्विसावा पांढरा.

काल रात्री मीठ भरलं. सकाळी चहाच्या आधी जाऊन पाहिलं तर वरचं मीठ पांढरंच होतं, पण पाईप उपडा करून ठोकल्यावर आतलं निघालं ते काकवीच्या रंगाचं. हाताला चिकटत होतं. नाकाजवळ नेलं. मनुकांचा वास नाही, ओल्या राखेचा आहे, आणि त्याच्या मागे अगदी थोडा दुसरा काहीतरी, जो मला ओळखता येईना. पुन्हा एकदा मीठ भरू का, की एवढ्यावर थांबू? आणि खुणा घासून काढायच्या की ठेवायच्या?

—

चारतेआठ

मीठ आणखी एकदा भरा, पण आज नको. दोन दिवस पंख्याखाली, भांडं वर करून, मोकळा ठेवा. लाकूड आतून ओलं असताना पुन्हा अल्कोहोल घातलं तर बुडाला चीर जाते.

खुणा काढता येतात. मेणबत्तीवर दांडी लांबून शेकली की एबोनाइट फुगून बरंचसं मूळ जागी येतं. मी विकत घेतलेल्या पाईपांच्या काढतो. चीफनी जाताना मला त्यांचा एक पाईप दिला होता, त्याच्या मात्र काढल्या नाहीत.

दांडी वाळली की फोटो टाका. ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणून ठेवा, पाण्यात भिजवून वापरायचा असतो.